तीन महिन्यांची गॅरंटी

मशीन बंद पडलं ते मंगळवारी सकाळी. बंद पडायचं तर निदान रिकामं असताना पडावं, पण तेवढीही माणुसकी त्यानं दाखवली नाही. पोटात चार चादरी, दोन अभ्रे आणि अर्धी टाकी पाणी घेऊन ते एकदा मोठ्यानं कण्हलं, जागच्या जागी थरथरलं आणि गप्प झालं. दार उघडेना. धाकटीनं बटण दाबून पाहिलं, प्लग काढून परत लावला, बाजूला एक चापट मारली, मग दुसरी जरा राग काढून मारली. शेवटी खालची नळी ओढून काढून तिनं पाणी बादलीत सोडलं, त्यातलं निम्मं पॅसेजभर झालं, आणि ती गुडघे टेकून फरशी पुसत बसली. चादरी आत अडकल्या होत्या आणि आईच्या पलंगावरची चादर बदलायला झाली होती.

धाकटी म्हणजे कुणी कुक्कुलं बाळ नव्हे, सत्तेचाळीस वर्षांची बाई. पण तीन भावंडांतली शेवटची, म्हणून जे नाव चिकटलं ते केस पिकले तरी निघालं नाही. सहा वर्षांपूर्वी आई बाथरूममध्ये घसरून पडली आणि तिचं कमरेखालचं अंग कायमचं गेलं, तेव्हा धाकटी दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका लॅबमध्ये कामाला होती. हात सफाईदार होता तिचा. समोरच्या दातांना बारीकशी छटा द्यायची असली की मालकीणबाई तिलाच हाक मारायच्या. “दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे,” दादा म्हणाला. “तुझ्यामागे ना नवरा ना पोरं, तुला सोपं पडेल,” ताई म्हणाली. दोन महिन्यांचे कपडे बॅगेत भरून ती आली ती आलीच. मालकीणबाईंनी वर्षभर तिची जागा राखून ठेवली, मग त्यांचाही नाइलाज झाला.

आता हे मशीन. चौदा वर्षांचं. गेली दोन वर्षं ते धुण्यापेक्षा आरडाओरडाच जास्त करायचं. कपडे पिळायला लागलं की घरात विमान उतरतंय असं वाटायचं. खालच्या मजल्यावरच्या बाई सुरुवातीला तक्रार घेऊन वर यायच्या, नंतर त्यांनीही नाद सोडला. नळ आणि मोरी तिथंच असल्यामुळे मशीन पॅसेजमध्ये ठेवलेलं होतं, आईच्या खोलीच्या दारापासून दोन पावलांवर. अंथरुणाला खिळलेलं माणूस घरात असलं की चादरींना अंत नसतो, त्यामुळे ते दिवसातले चार-पाच तास चालू असायचं. आणि खरं सांगायचं तर धाकटीला त्या आवाजाचा मोठा आधार होता.

कारण त्या घरात दार लावून बसायची सोय नव्हती. आईनं हाक मारली की ऐकू यायला हवं, म्हणून सगळी दारं सताड उघडी. कुणाशी मोकळं बोलायचं असलं की धाकटी फोन घेऊन मशीनपाशी उभी राहायची. आवाज चढवून बोलावं लागायचं, पण आत एक अक्षर पोचत नसे. एकदा तिनं तिथून मुद्दाम “आई!” म्हणून मोठ्यानं हाक मारून पाहिली होती, आईनं पुस्तकातून मान वर केली नव्हती. तेव्हापासून ती जागा तिची झाली. लॅबमधल्या मैत्रिणीशी ती तिथं बोलायची, दादाच्या नावानं बोटं तिथं मोडायची. एकदा तर कुणालाच फोन न लावता, सबंध पिळणं होईपर्यंत, “पुरे झालं, आता पुरे झालं” एवढंच म्हणत उभी राहिली होती.

मशीन बंद पडलं, दुसरं आणावं. इतकी साधी गोष्ट. पण त्या घरात साध्या गोष्टी होत नसत. वडील हयातभर एका कचेरीत सभांचे वृत्तांत लिहायचे आणि त्यांनी घरही सभेसारखंच चालवलं. ज्या वस्तूला प्लग आहे ती दुरुस्त करायची की बदलायची, हे तिन्ही मुलांच्या एकमतानं ठरायचं, हा त्यांचा नियम. मुलं शाळेत होती तेव्हा त्यात गंमत होती. वडील गेले, दादा एका शहरात आणि ताई दुसऱ्याच शहरात स्थायिक झाली, तरी नियम राहिला. उलट दादानं तो आणखी कडक केला, कारण लांब राहून मुलगा म्हणून करण्यासारखं त्याच्या हातात तेवढंच उरलं होतं. दर रविवारी दहा वाजता फोनवर सभा भरायची आणि एकमत काही व्हायचं नाही. त्यामुळे टीव्हीतल्या झाडून सगळ्या माणसांचे चेहरे चार वर्षं हिरवे होते, फ्रिजचं दार खुर्ची टेकवून बंद ठेवावं लागे, आणि गीझर चालू करताना हातात रबरी चप्पल घालावी लागे. धाकटीला आता चप्पल हातात घालताना काही वाटतही नसे.

पहिल्या रविवारी दादानं फोनवरूनच निदान सुरू केलं. “कॅमेरा खाली धर. अजून खाली. पट्टा दिसतोय का?”

“मागचं झाकण न काढता पट्टा कसा दिसेल, दादा?”

“मग काढ की झाकण.”

धाकटीनं झाकण काढलं. पट्टा ठणठणीत होता. “मग फ्यूज असणार,” दादा म्हणाला. दादा विमा कंपनीत होता, पण यंत्रांच्या बाबतीत त्याचा आत्मविश्वास दांडगा. फ्यूजही शाबूत निघाला. ताई मध्येमध्ये “हो, तेही खरंच” म्हणत होती. ताईला जन्मभर दोन्ही बाजू पटत आल्या आणि मत मात्र तिनं दर वेळी दादाच्या पारड्यात टाकलं.

“नवीन घेऊ या ना,” धाकटी म्हणाली. “पाच दिवस मी हातानं चादरी धुतेय.”

“आधी मेकॅनिकला दाखव. उठल्यासुटल्या नवीन कशाला?”

हे सगळं बोलणं धाकटीनं मशीनला टेकून, स्पीकर चालू ठेवून, नेहमीच्याच चढ्या आवाजात केलं. दोन वर्षांची सवय. मशीन बंद आहे, पॅसेजमध्ये टाचणी पडली तरी पलंगापर्यंत ऐकू जाईल, हे तिच्या डोक्यातच आलं नाही. पुढच्या रविवारीही आलं नाही आणि त्याच्या पुढच्याही.

मेकॅनिक गुरुवारी आला. ओठांत स्क्रू धरून बोलायची त्याला खोड होती, त्यामुळे प्रत्येक गोष्ट दोनदा विचारावी लागे. त्यानं दार उघडून चादरी सोडवल्या. त्यांना असा वास सुटला होता की तोही दोन पावलं मागं सरला. मग त्यानं ड्रम हातानं फिरवून पाहिला. फिरेना.

“बेअरिंग खल्लास,” तो म्हणाला. “दोन वर्षं बोंबलत असेल हे. ऐकू नाही आलं तुम्हाला?”

“ऐकू येत होतं. एकमत होत नव्हतं.”

त्याला काही कळलं नाही, आणि ते बरंच झालं. “हे मॉडेल बंद झालंय, ताई. नवा पार्ट मिळायचा नाही. मोडीतल्या एखाद्या मशीनमधला मिळतोय का बघतो. मिळाला तर बसवून देईन, पण तीन महिन्यांच्या वर गॅरंटी द्यायचो नाही. माझं ऐकाल तर नवीन घ्या. मोटारीला दहा वर्षांची गॅरंटी येते आता.”

तो गेला आणि धाकटी बाथरूममध्ये परत चादरींशी झोंबू लागली. चादरीचं एक टोक नळाला गुंडाळायचं, दुसरं दोन्ही हातांनी धरून पीळ देत मागं सरकायचं, पाठ दाराला लागेपर्यंत. एका चादरीला तीन पीळ. तिसऱ्या पिळाला कोपरातून कळ यायची ती खांद्यापर्यंत जायची. ज्या बोटांनी तिनं दातांवर केसाएवढ्या रेघा ओढल्या होत्या, ती बोटं आता सकाळी चहाचा कप धरताना थरथरत होती. तिनं मनाशी चंग बांधला. काहीही होवो, या खेपेला नवीन मशीन घ्यायचंच.

दुसऱ्या रविवारी तिनं मेकॅनिकचं म्हणणं जसंच्या तसं सांगितलं. मग दादा घसा खाकरून म्हणाला, “तीन महिने... म्हणजे तसे पुरेत गं.”

“कशाला पुरेत?”

“अगं, आईचं वय बघ ना. एकोणऐंशी. प्रॅक्टिकल विचार केला तर... आणि नंतर ते नवंकोरं मशीन न्यायचं कुणी? माझ्याकडे आहे, ताईकडे आहे. तू एकटी, तुझे दोन कपडे.”

“दादाला तसं म्हणायचं नाहीये,” ताई म्हणाली.

“मग कसं म्हणायचंय?”

ताई गप्प बसली.

धाकटीच्या अंगाचा तिळपापड झाला. सहा वर्षांत हा माणूस या घरात अकरा दिवस राहिला होता, त्यातले चार तापानं झोपून, म्हणजे तेव्हा तिला दोन अंथरुणं करावी लागली होती. आणि हा तीन महिने वाटायला निघाला!

“आईला काहीही झालेलं नाहीये!” ती ओरडली. “पाय सोडले तर ती तुम्हा दोघांपेक्षा धडधाकट आहे. डॉक्टर दर महिन्याला तिची नाडी बघून हसतात. दहा वर्षं सहज काढेल ती! दहा वर्षं, कळलं? लिहून घे!”

दादाची बोलती बंद झाली. हे धाकटीला इतकं आवडलं की तिनं ते तिसऱ्या रविवारी पुन्हा, अगदी त्याच शब्दांत, ऐकवलं. सहा वर्षांत दादाला निरुत्तर करणारं एवढं एकच वाक्य तिला सापडलं होतं. एकमत तरीही झालं नाही. “बघू, पार्ट मिळतोय का ते कळू दे,” यावर सभा संपली.

इकडे आईचं काहीतरी वेगळंच चाललं होतं. आईनं तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली होती. शेकडो लोकांची भांडणं, लग्नं, मरणं तिच्या कानांवरून गेली, पण घरी आल्यावर तिच्या तोंडून त्यातला एक शब्द कधी निघाला नाही. त्यामुळे आईच्या मनात काय आहे याचा घरात कधीच कुणाला पत्ता लागत नसे. पण आता ती ताटात काही टाकेनाशी झाली. गेलं वर्षभर ती निम्मं जेवण परत पाठवायची, आता वाटी पुसून संपवायची आणि वर “अजून आहे का?” विचारायची. पाण्याच्या दोन बाटल्या मागवून घेऊन ती सकाळ-संध्याकाळ हातांचे व्यायाम करू लागली. “चष्म्याचा नंबर तपासायला हवा,” म्हणाली. पाच जाड भागांचं एक पुस्तक ताईनं दोन वर्षांपूर्वी पाठवलं होतं. “एवढं मी कधी संपवायची?” म्हणून आईनं ते कपाटात ठेवायला लावलं होतं. आता त्याचा पहिला भाग काढून मागितला.

“आई, झालंय काय तुला?” धाकटीनं विचारलं.

“काही नाही. बरं वाटतंय,” आई म्हणाली आणि तिनं धाकटीच्या दुखऱ्या कोपरावरून हात फिरवला. “फार दमतेस गं तू.” असं आई सहा वर्षांत कधी म्हणाली नव्हती. धाकटीला बरं वाटलं आणि थोडी धाकधूकही वाटली.

बुधवारी अकराच्या सुमाराला मेकॅनिक दारात उभा. हातात कागदात गुंडाळलेलं बेअरिंग, एखादी दुर्मीळ वस्तू आणावी तसं धरलेलं. “मिळालं बघा! तीन दुकानं पालथी घातली. बसवून टाकू, की नवीन घेताय? आत्ता सांगा, कारण याला दुसरंही गिऱ्हाईक आहे. तुम्ही नको म्हणालात तर मी सरळ तिकडे जातो.”

धाकटी फोनकडे हात नेतच होती, दादाला विचारायला, तेवढ्यात खोलीतून आईचा आवाज आला. मोठा नव्हे, बोलण्यातलाच.

“नवीन घ्यायचं. दहा वर्षांचं.”

धाकटीनं मशीनकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, मधल्या दोन पावलांच्या फरशीकडे पाहिलं. मग मेकॅनिकला “एक मिनिट हं” म्हणून ती आत गेली.

आई उशीला टेकून बसली होती. पुस्तकाचा पहिला भाग पोटावर उपडा. “ये, बस इथं.”

“तुला ऐकू आलं?”

“न यायला काय झालं? मशीन बंद पडल्यापासून सगळं लख्ख ऐकू येतंय. तुम्हाला आपलं वाटतं म्हातारी बहिरी झाली. अगं, त्या धडधडाटात कुणाला ऐकू आलं असतं? तीन रविवार तुमची सभा ऐकतेय मी.”

मशीनपाशी आजवर आपण काय काय बोललो ते सगळं एका क्षणात धाकटीच्या डोळ्यांपुढून गेलं. मग लक्षात आलं की ते मशीन चालू असतानाचं. ते नाही ऐकलं हिनं.

“आई, दादाला तसं म्हणायचं—”

“तसंच म्हणायचं होतं त्याला. जाऊ दे. तो लांब असतो, त्याला मी फोनमध्ये दिसते तेवढीच.” आईनं तिचा हात धरला. “पण तू काय म्हणालीस? थोरला म्हणाला तीन महिने. मधली नेहमीसारखी गप्प बसली. दहा वर्षं कोण म्हणालं? तू म्हणालीस. दोन वेळा म्हणालीस. जी मला रोज उचलते, धुते, पुसते, ती म्हणाली. तुला नाही कळणार तर कुणाला?”

धाकटी पलंगाच्या कडेला टेकली.

“खरं सांगू तुला? मला वाटायचं तू कंटाळली असशील. तोंडावर दाखवत नाहीस, पण मनातून म्हणत असशील, कधी सुटते मी एकदाची. आणि म्हणालीस तरी तुझं काय चुकलं असतं? म्हणून मी जेवण कमी करत आणलं होतं. आज एक घास कमी, उद्या दोन. म्हटलं, आता आवरतं घ्यावं.”

ताटात राहिलेले घास धाकटीनं वर्षभर पाहिले होते. वयामुळे भूक मंदावली असेल, असं समजून तिनं ते रोज केराच्या डब्यात टाकले होते.

“त्या दिवशी तू दादावर ओरडलीस ना, तेव्हा मी इथं पडल्या पडल्या रडले. म्हटलं, कुणाला तरी मी हवी आहे. मग कशाला घाई करायची? दहा तर दहा. काढायचीच.” आई हसली. तिचे स्वतःचे दात अजून शाबूत होते, एक-दोन सोडले तर सगळे. “जा, सांग त्याला नवीन घ्यायचं म्हणून. एकमत-बिकमत गेलं खड्ड्यात. दादाशी मी बोलते.”

धाकटी उठली. पॅसेजपर्यंत दोनच पावलं, पण ती चालताना तिला पहिल्यांदाच ते कळलं. दहा वर्षांनी ती सत्तावन्न वर्षांची असणार होती. आई खरंच दहा वर्षं काढणार होती, यात तिला तिळमात्र शंका नव्हती. दादाला माहीत नव्हतं, ताईला माहीत नव्हतं, पण ती या देहाला रोज हात लावत होती. छाती भक्कम, पोट उत्तम, आणि आता तर मनानंही घेतलं होतं. दोन रविवार ती हा आकडा दादाच्या तोंडावर मारत होती. हे आपलंही वय आहे, आपल्याच आयुष्याचे दिवस आहेत, हे तिला एकदाही सुचलं नव्हतं. आणि दादाच्या तीन महिन्यांवर आपण एवढ्या का चिडलो, तेही तिला आत्ता कळलं. तो बोलला म्हणून नव्हे. तो ते इतक्या सहज बोलून गेला म्हणून. ती स्वतः तेच मशीनच्या आडोशाला, गर्जना चालू असतानाच म्हणू शकत होती.

मेकॅनिक पान्ह्यानं तळहातावर टकटक करत उभा होता. “हां, बोला ताई.”

नवीन. एवढं एकच म्हणायचं होतं. याच शब्दासाठी तिनं तीन आठवडे रान उठवलं होतं, चादरींना पीळ देऊन कोपर निकामी करून घेतलं होतं. आता कुणाचा विरोध नव्हता, कुणाला विचारायचं नव्हतं. तिनं तोंड उघडलं.

“दुरुस्तच करा.”

आवाज तिचाच होता. तिचा मशीनपाशी उभं राहून बोलण्याचा आवाज, चढा, खणखणीत, सगळ्या घरभर जाणारा.

मेकॅनिक गोंधळला. “नक्की? आजी तर आत्ता म्हणाल्या—”

“हो. बसवा तुम्ही.” हे ती हळू म्हणाली. आता हळू म्हणून काही उपयोग नव्हता.

खोलीतून काही आवाज आला नाही. धाकटी दाराच्या बाजूला भिंतीला टेकून उभी राहिली. आई आता हाक मारेल, रागावेल, काहीतरी विचारेल, म्हणून तिनं वाट पाहिली. आत जाऊन म्हणावं, मला तसं म्हणायचं नव्हतं. पण हे ताईचं वाक्य होतं, आणि ताई ते कशासाठी वापरते हे आईला चांगलं माहीत होतं. शिवाय तिला तसंच म्हणायचं होतं. तिला लाज वाटत होती, रडू येत होतं, आणि त्या दोन्हींच्या खाली कुठंतरी हायसंही वाटत होतं. या हायसं वाटण्याची तिला सगळ्यात जास्त भीती वाटली.

तिनं भावंडांना मेसेज टाकला: पार्ट मिळाला, दुरुस्त करतोय. मिनिटाच्या आत दादाचं उत्तर आलं: “उत्तम. एकमत झालं!” पाठोपाठ ताईचं: “मला पण मनातून हेच वाटत होतं.” धाकटीनं फोन उपडा ठेवला.

मेकॅनिकला सव्वा तास लागला. ओठांतले स्क्रू एकेक करून जागच्या जागी गेले. त्यानं मशीन सुरू केलं, ड्रम फिरला, वेग धरला, आणि नुसती हलकी घरघर झाली. शेजारच्या खोलीत कुणी झोपलं असतं तर जागही आली नसती. “बघा!” तो म्हणाला. “आता कितीही वेळ लावा, आवाजाचा त्रास नाही. इथं सही करा. आजची तारीख धरून तीन महिने.”

धाकटीनं सही केली. त्याला दारापर्यंत पोचवलं. दार लावून घेतलं. मशीनमध्ये चादरी घातल्या, पावडर घातली, बटण दाबलं. सगळी कामं झाली. आणखी काही काम उरलं आहे का म्हणून तिनं इकडे तिकडे पाहिलं, पण काही नव्हतं, आणि साडेबारा वाजले होते. साडेबाराला आईची कूस बदलायची असते, नाहीतर पाठीला जखम होते. हे चुकवून चालत नाही.

ती आत गेली.

आई होती तशीच उशीला टेकून होती. पुस्तक मिटून बाजूच्या टेबलावर ठेवलेलं. तिनं धाकटीकडे पाहिलं. त्या बघण्यात राग नव्हता. असता तर धाकटीला काहीतरी बोलता आलं असतं.

“आई...”

“मला भिंतीकडे वळव,” आई म्हणाली.

नेहमी ती खिडकीकडे वळवायला सांगायची. धाकटी वाकली. तिनं एक हात आईच्या खांद्याखाली सरकवला, दुसरा कमरेखाली. आईला स्वतःहून तसूभरही वळता येत नव्हतं. लेकीकडे पाठ फिरवायची तर आधी तिच्याच गळ्यात हात टाकायला हवा होता. आईनं डोळे मिटून घेतले आणि हात टाकला.

“एक, दोन, तीन,” धाकटी सवयीनं म्हणाली, आणि तिनं आईला भिंतीकडे वळवलं.